हात न टेकता उठता यावं म्हणून

प्रति,
पदाधिकारी आणि शिक्षकवृंद,
श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अमरावती



मी अकोल्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वय ५२. माहेर अमरावतीचं, त्यामुळे आपलं मैदान मला लहानपणापासून ओळखीचं. बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून मल्लखांब पाहायला आणत. आम्हा अमरावतीकरांसाठी ते आजही ‘हनुमान आखाडा’च आहे. कागदावर हव्याप्र मंडळ, बोलण्यात आखाडा. तिथे जे शिकवलं जातं त्याची आज माझ्यासारख्या लाखभर लोकांना गरज आहे, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितेय, कारण ते माझ्या मैत्रिणींनी, माझ्या भाच्यानं आणि त्याच्यासारख्या पोरांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या जेवणाची गोष्ट. घरात पंगत बसली होती. त्याआधीच्या सात महिन्यांत मी ११ किलो वजन उतरवलं होतं. ७१ वरून ६०. जो तो म्हणत होता, “किती बारीक झालीस वं!” मी खुशीत होते. पंगत उठली, सगळ्या उठल्या, मी पाटावरच. मांड्यांत जोरच येईना. एक हात जमिनीला टेकला, तरी नाही. शेवटी जावेनं दंडाला धरून उठवलं. माझ्या शेजारी बसलेली ७६ वर्षांची आत्या, जिचं आयुष्य वावरात निंदण-वेचण करण्यात गेलं, ती मात्र लुगडं सावरत हात न टेकता उभी राहिली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “वजन त उतरलं वं बाई, पण त्याच्यासंगं जोरही उतरला.”

त्या एका वाक्यात जे होतं ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी करत काय होते? सकाळी गरम पाणी, दुपारी एक भाकर आणि काकडी, रात्री नुसतं सूप. रोज तासभर चालणं. काटा खाली येत होता, म्हणून सगळं बरोबर चाललंय असं वाटत होतं. ब्लाऊजच्या बाह्या ढगळ झाल्या, गाल बसले, पण पोट जिथल्या तिथे. कंबरेला टेप लावली तर ८९ सेंटिमीटर. आशियाई बायकांसाठी धोक्याची रेघ ८० ला आहे, पुरुषांसाठी ९० ला. ११ किलो गेले त्यात चरबी होतीच, पण दंडाचे आणि मांड्यांचे स्नायूही गेले होते.

आपण कमी खाल्लं की शरीर साठवलेलं इंधन काढतं. पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो झरझर उतरतात त्यातलं बरंचसं पाणी असतं, कारण यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी बांधलेलं असतं. पुढे चरबी जळू लागते. पण पोटात प्रथिनं पुरेशी जात नसतील आणि स्नायूंना काही उचलण्या-ढकलण्याचं कामच नसेल, तर शरीर स्नायूही मोडून खातं. घरात वापरात नसलेली वस्तू आपण आधी विकतो, तसंच हे. काट्याला यातलं काही कळत नाही. एक किलो चरबी गेली काय आणि एक किलो मांडी गेली काय, त्याच्या लेखी सारखंच.

ही गोष्ट आपल्या लोकांना जास्त लागू का, याचा उलगडा आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनी केला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघं शेजारी उभे. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, अगदी एकसारखा : २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर जुळे, आतून निराळे. याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. ती सरासरी २.७ किलोची भरली, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक होती, पण त्यांच्यात कमी होतं ते मुख्यतः मांस. चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचा अशी आपली घडण पोटातूनच सुरू होते.

हे वाचलं तेव्हा मला आपला अख्खा भाग डोळ्यांसमोर आला. वर धारणी-चिखलदऱ्याकडे कमी वजनाची बाळं, खाली अमरावती-अकोल्यात चाळिशीत साखर लागलेली माणसं. या आपण दोन वेगळ्या बातम्या म्हणून वाचतो. खरं तर दोन्हीकडे अंगात मांस कमी आहे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त शोषून घेतात ते स्नायू. ते कमी असले की साखर रक्तात रेंगाळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाखांचा आहे. म्हणून वजन कमी करा हा सल्ला अर्धाच आहे. चरबी कमी करा आणि मांस वाढवा, हा पुरा.

दोन्ही एकदम होतं का? आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर वाद झाला. वजन वाढवल्याशिवाय स्नायू वाढत नाहीत, असं एका सहकाऱ्याचं ठाम म्हणणं होतं. मुरलेल्या पहिलवानाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण जो नव्यानं सुरू करतोय, जो खूप दिवसांनी परत आलाय, ज्याच्या अंगावर चरबी जास्त आहे, त्याला दोन्ही एकदम साधतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वजन जास्त असलेले ४० तरुण घेतले. चार आठवडे त्यांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी अन्न दिलं आणि आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम करवला. निम्म्यांना शरीराच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं, निम्म्यांना २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची ३.५ किलो चरबी गेली आणि मांस होतं तेवढंच राहिलं. दुसऱ्या गटाची ४.८ किलो चरबी गेली आणि वर १.२ किलो मांस चढलं. अर्धपोटी असताना! तो प्रयोग फार कडक होता, देखरेखीखाली होता, घरी कुणी तसा करू नये. पण चरबी जळताना मांस चढू शकतं हे त्यानं दाखवून दिलं.

चरबीचं मांस होत नाही, हेही इथेच सांगते, कारण आमच्या गल्लीत तो समज पक्का आहे. दोन्ही वेगळ्या पेशी. चरबी इंधन पुरवते, प्रथिनं विटा पुरवतात, आणि वजन उचलणं हे बांधकामाचा हुकूम देतं. तिन्हीपैकी एक नसेल तर काम थांबतं. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी उतरत नाही. आणि घाम म्हणजे वितळलेली चरबीही नव्हे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो. तिथे प्लास्टिकचं जाकीट घालून भर दुपारी पळणारी पोरं मी पाहिली आहेत. जीव धोक्यात घालून ती फक्त पाणी घालवतात.

आता माझा भाचा. अमरावतीत होस्टेलवर राहतो, वय २१. मागच्या दिवाळीत घरी आला तेव्हा चेहरा ओढलेला. ताटात वरण वाढलं तर बाजूला सारलं. मी म्हटलं, “काहून रे, जेवत काहून नाहीस?” तर म्हणाला, “मावशी, मी कटिंगवर आहो.” म्हणजे चरबी उतरवणं चाललं होतं. बॅगेतून पावडरचा भलामोठा डबा निघाला. मेसचं खाणं सोडून बापानं पाठवलेल्या पैशातून तो डबा आणलेला. दिवसातून दोनदा पावडर, चार केळी, आणि व्यायाम रोज दोन-अडीच तास, तोही फक्त छाती आणि दंडाचा. झोप चार-पाच तास. मित्रांच्यात इंजेक्शनचंही बोलणं सुरू होतं. त्या रात्री मी त्याला स्टेरॉइडबद्दल जे आहे ते सगळं सांगितलं : शरीराची स्वतःची संप्रेरकं बंद पडतात, वृषणं आक्रसतात, हृदयावर आणि यकृतावर ताण येतो. लाजत ऐकलं त्यानं, पण ऐकलं.

पावडरमध्ये विष आहे असं मी म्हणणार नाही. व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन. चांगल्या कंपनीचं, परवाना पाहून घेतलेलं असेल तर एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पण राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशा पावडरी टाळायला सांगितलं आहे आणि भर रोजच्या अन्नावर दिला आहे. मला त्या डब्याचा राग आला तो वेगळ्याच कारणानं. ते पोरगं ज्या भागात राहतं तिथे तूर पिकते, हरभरा पिकतो, मूग पिकतो, सोयाबीनची वावरंच्या वावरं उभी असतात. अकोल्याच्या एमआयडीसीत शिरलं की डाळ मिलचा वास नाकात येतो. इथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ खेड्यापाड्यांत बचत गटांनी लावली आहे. प्रथिनांचं कोठार उशाशी ठेवून आपण उपाशी झोपतोय.

कारण आपलं वरण पातळ आहे. हे मी मोजून सांगते. एका रविवारी माझ्या ओट्यावर स्वयंपाकघरातला छोटा काटा ठेवला. चार माणसांच्या वरणाला मी नेहमी एक फुलपात्र डाळ घेते. ती भरली १०० ग्रॅम. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे माणशी साडेपाच ग्रॅम. आणि मी वर्षानुवर्षं समजत होते की वरण खाल्लं म्हणजे प्रथिनांचं काम झालं! साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम हवीत असं आपल्याकडचं शास्त्रीय प्रमाण आहे. ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. वजन कमी करताना मांस टिकवायचं, वाढवायचं, तर त्याहून जास्त. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास फायदा टेकतो असं दिसलं. त्यापुढे नुसतं वाढवत गेलं तरी विशेष काही हाती लागत नाही. मी माझ्यासाठी मधला आकडा धरला, ७० ते ८५ ग्रॅम.

माझा दिवस असा बसवला. सकाळी मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, त्याचे ६. दोन उकडलेली अंडी, १२. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, १० च्या आसपास, त्यासोबत घट्ट वरण. माझ्या वाट्याला ५० ग्रॅम डाळ येईल असं, म्हणजे ११. वाटीभर घरचं दही, ७. चार वाजता दूध, ८. रात्री मोड आलेल्या मुगाची किंवा बरबटीची उसळ, १०. त्यात सोयाबीनच्या ३० ग्रॅम वड्या टाकल्या की १५. दाण्याचा कूट थोडा, ५. झाले ८४. ज्यांच्याकडे अंडं चालत नाही त्यांनी पनीर किंवा आणखी दही घ्यावं. ज्वारीत जे लायसिन कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत जे मेथिओनिन कमी ते ज्वारीत. भाकर-वरणाची जोडी आपल्या आज्यांनी लावली ती इतकी पक्की आहे. हिवाळ्यात तुरीचे सोले निघाले की सोल्यांची भाजी, कधी मुंगाचे वडे पण तळण्याऐवजी आप्पेपात्रातले. पाण्यात भिजलेलं अन्न मी कधी मोजत नाही, कोरडं असतानाच मोजते, नाहीतर हिशेब चुकतो. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत. मीही आधी क्रिएटिनिन तपासून घेतलं होतं.

तेलाबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्या वऱ्हाडी रश्शाची तर्री मला जिवापाड आवडते. डावभर तेल, १५ मिलिलिटर धरा, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. दोन भाज्यांच्या दोन तर्ऱ्या आणि वर एक आलूबोंडा झाला की दिवसाची सगळी काटकसर भरून निघते. मी घरातला तेलाचा डबा महिन्याच्या हिशेबानं आखून दिला आणि तिथेच थांबले. रोडगे-वांग्याची भाजी सोडली नाही. शेतातल्या रोडग्याच्या पंगतीला गेले की पोटभर जेवते. दिवसाला २००-३०० कॅलरींचा तुटवडा एवढंच माझं गणित होतं. उपाशी राहण्याचे दिवस संपवले.

आणि व्यायाम. इथे मी आपल्या पायांशी येते.

१९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी हे मंडळ उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्याच चमूनं देशी खेळांची आणि व्यायामांची प्रात्यक्षिकं तिथे जगाला दाखवली. अमरावतीची पोरं, बर्लिनच्या मैदानावर! बाबा हे सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. मुद्द्याची गोष्ट अशी की आज परदेशातले शास्त्रज्ञ ज्याला हळूहळू भार वाढवणं म्हणतात ते आखाड्याला कधीपासून ठाऊक आहे. नव्या पोराच्या हाती वस्ताद हलका मुद्गल देत. तो अंगात मुरला की त्याहून जड. नाल आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत, मग डोक्यावर. मांस याच भाषेत शिकतं. काल जमलं त्याहून आज किंचित जास्त. रोज तेवढ्याच पन्नास बैठका वर्षभर काढल्या तर दम वाढतो, मांडी मात्र फारशी भरत नाही. भार वाढला पाहिजे.

मला मुद्गल झेपला नसता. मी डाळीची पिशवी घेतली. दोन किलो तूर, कापडी पिशवीत, तोंड घट्ट बांधून. स्टुलावरून उठायचं, बसायचं, पिशवी छातीशी. पहिल्या दिवशी आठ वेळा झालं आणि मांड्या थरथरल्या. दोन आठवड्यांनी तीन किलो. मग पाच. भिंतीला हात टेकून जोर, ते जमले की ओट्याला टेकून, पुढे पाटावर. पिशवी जमिनीवरून उचलताना पाठीला पोक न काढता कमरेतून वाकायचं, हे मला एका जुन्या व्यायामशिक्षकांनी तीन रविवार उभं राहून शिकवलं. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढायचं, पाठीसाठी. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्यातून किमान दोन दिवस असा स्नायूंचा व्यायाम सांगितलेला आहे, चालणं वेगळं. प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारावी बैठक पहिल्यासारखीच सोपी गेली तर पुढच्या वेळी पिशवीत अर्धा किलो डाळ वाढवायची. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला, हिवाळ्यात शाळेतून आल्यावर.

वहीत लिहीत गेले. नऊ महिन्यांनी काटा दाखवतो ६१. म्हणजे एक किलोनं वाढ! ज्या मैत्रिणींना मी आकडा सांगितला त्या हळहळल्या. पण टेप ८२ दाखवते, सात सेंटिमीटर कमी. पिशवी १२ किलोची झालीय. जिना चढताना कठडा धरावा लागत नाही. गेल्या महालक्ष्म्यांना मी पंगतीतून उठले, हात न टेकता, ताट हातात घेऊन. आत्यानं पाहिलं. काही बोलली नाही, नुसती पाठीवरून हात फिरवला.

वय झालं, आता काय मांस येणार, असं म्हणणाऱ्या मावश्या-काकूंसाठी एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १९९० साली एका वृद्धाश्रमातली सरासरी नव्वदीची दहा माणसं घेतली. आठ आठवडे पायांनी वजन ढकलण्याचा कसून व्यायाम. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली आणि मांडीतलं मांसही ९ टक्क्यांनी वाढलं. नव्वदीत! मग आमच्या पन्नाशीचं काय घेऊन बसायचं?

आणखी एक कारण आहे हे पत्र आत्ताच लिहिण्याचं. वजन उतरवणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली, टिर्झेपटाइड मार्चमध्ये, सेमॅग्लुटाइड जूनमध्ये. ज्यांचा लठ्ठपणा जिवावर उठलाय त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती वरदान ठरू शकतात. पण त्यांनी भूक मरते आणि माणूस झपाट्यानं उतरतो. गेलेल्या वजनात चरबीबरोबर मांसाचाही चांगलाच वाटा असतो. आमच्या शहरातल्या दवाखान्यांतही आता ही नावं ऐकू येतात. ज्या बाईला इंजेक्शन मिळेल पण व्यायाम कुणी शिकवणार नाही, ती माझ्यासारखीच एक दिवस पाटावर अडकेल.

म्हणून मंडळाकडे माझं मागणं आहे. आपल्याकडे मैदान आहे, वस्ताद आहेत, शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, तिथे शिकणारी शेकडो मुलं-मुली आहेत. त्यांना वस्तीवस्तीत पाठवा. आठवड्यातून दोन सकाळी, चाळिशीपुढच्या बायकांसाठी आणि पुरुषांसाठी, वजन उचलण्याचा वर्ग. आमच्याकडे बायकांना योगासनं सांगतात, चालायला सांगतात, झुंबा शिकवतात. हे सगळं चांगलंच आहे, मी स्वतः सूर्यनमस्कार सोडलेले नाहीत. पण “तुम्ही जड उचला” असं बायकांना कुणी सांगत नाही. उलट दंड पुरुषासारखे होतील अशी भीती घालतात. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी जास्त असतं, म्हणून तसं आपोआप होत नाही. हे आखाड्याच्या तोंडून आलं तर आमच्या सासवाही ऐकतील. माझ्यासारखीच्या तोंडून ते कोण ऐकणार?

दुसरं, पोरांसाठी. कॉलेजच्या दारात उभं राहून त्यांना सांगा की पायही असतात, झोपही असते, आणि पहिलवानाचा खुराक म्हणजे तूप-बदाम-थंडाई हा रोज चार-पाच तास मातीत घुमणाऱ्याचा खुराक होता. दिवसभर मोबाइल घेऊन बसणाऱ्यानं तो खाल्ला तर पोटच वाढेल. स्टेरॉइडबद्दल त्यांच्याशी मोकळं बोला. माझा भाचा ज्या शिक्षकाला वस्ताद मानेल त्याचं एक वाक्य माझ्या शंभर वाक्यांना भारी पडेल. आता तो मेसमध्ये जेवतो. दोन वाट्या घट्ट वरण मागून घेतो, खोलीत फुटाण्याची पिशवी ठेवतो. डबा अजून आहे, पण एकदाच घेतो. दिवाळीपासून त्याचं वजन दोन किलोनं उतरलंय आणि बैठक ४० वरून ७० किलोवर गेलीय. फोनवर आवाजही बदलला आहे.

तिसरं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला सोबत घ्या. एका पानावर आपल्या अन्नाचा हिशेब छापा. फुलपात्रात, मुठीत, डावात. ग्रॅम आमच्या बायकांना कळत नाहीत, फुलपात्र कळतं. त्यात ज्वारी असावी, बरबटी असावी, सोले असावेत, सोयाबीन कसं भिजवून शिजवायचं म्हणजे पोट फुगत नाही तेही असावं. वर्षभर वावरात राबणाऱ्या मजूर बाईसाठी वेगळं पान हवं. तिला वजन उतरवायचंच नाही. तिचं ताट आधी भरायला हवं. कापूस वेचून आलेली बाई नुसती चटणी-भाकर खाऊन झोपते, तिच्यापुढे चरबी कमी करण्याच्या गोष्टी मी करू शकत नाही. तिच्या भाकरीवर डाळ कशी पडेल, याचा विचार त्या पानात व्हावा.

चौथं अगदी बारीक आहे. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाचं वजन घेऊ नका, घेतलं तरी महिन्यातून एकदा. त्याऐवजी तीन गोष्टी लिहून घ्या : बेंबीच्या पातळीला कंबर किती, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं, आणि किती किलोची पिशवी छातीपर्यंत उचलता येते. माझ्या वहीत या तीन रकान्यांनी मला नऊ महिने धरून ठेवलं. काटा हलत नव्हता तेव्हा याच रकान्यांनी मला सोडून जाऊ दिलं नाही.

मी शाळेतून सुट्टी काढून येऊ शकते. आमच्या कॉलनीतल्या सात जणी तयार आहेत. त्यातल्या दोघींना साखर आहे आणि त्यांच्या गोळ्यांमुळे व्यायामाआधी काय खावं हे त्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. एकीचा गुडघा दुखतो, तिला कुठली बैठक चालेल हे तुमच्याकडूनच कळायचं आहे. अकोल्याहून सकाळची पहिली एसटी धरली की मूर्तिजापूर मार्गे आम्ही ऊन तापायच्या आत मैदानावर पोचतो. पिशव्या आमच्या आम्ही आणू, टेपही आणू. कुठल्या रविवारी यायचं तेवढं कळवा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, अकोला
(माहेर अमरावती)